पिसांसकट

फ्राउ क्रेमर आमच्या घरात शिरायच्या त्या आधी नाकाने. आईने दार उघडलं की उंबऱ्यावरच थांबून त्या दोनदा हवा ओढून बघायच्या, मग "गुटन टाग" म्हणायच्या आणि मग सरळ झोपायच्या खोलीत जाऊन छताच्या कोपऱ्यात बुरशी धरली आहे का ते पाहायच्या. त्या आमच्या घरमालकीण. न्युरेम्बर्गच्या बाहेर, एस-बान, म्हणजे तिथली लोकल, जिथे रिकामी होत होत पोचते अशा एका गावात त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही. ऐन हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून घरातली दमट हवा बाहेर घालवायची, ह्याला तिथे ल्युफ्टन म्हणतात आणि भाडेकरारातही ते लिहिलेलं असतं. आई म्हणायची, पैसे मोजून गरम केलेली हवा बाहेर सोडायची, हे कुठलं शहाणपण? खरं कारण निराळंच होतं. खिडकी उघडली की फोडणीचा वास अंगणात जाणार आणि खालची बाई नाक मुरडत वर येणार, ही तिची भीती. म्हणून खिडक्या बंद. खिडक्या बंद म्हणून भिंतीला ओल, आणि ओल म्हणून फ्राउ क्रेमर वर. अशी आमची कित्येक वर्षं गेली होती आणि आपण समोरच्याला बरोबर ओळखलंय असं दोन्ही मजल्यांना वाटत होतं.

आमच्या घरात संशय मिठासारखा वापरला जायचा, चवीपुरता, पण प्रत्येक पदार्थात. बाबा एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या कारखान्यात होते. गिऱ्हाइकाकडून मोडून परत आलेला सुटा भाग हातात घ्यायचा आणि हा आपोआप तुटला की कोणी तोडला हे ठरवायचं, हेच त्यांचं काम. आई दुकानातल्या पावतीपासून शाळेच्या पत्रापर्यंत सगळं दोनदा वाचायची. मी त्या दोघांची मुलगी. तेव्हा आठवीत होते. मराठी सगळं कळायचं, अडखळत बोलताही यायचं, पण तोंडातून आधी यायचं ते जर्मन. मोठी माणसं मला दुभाषी म्हणून मधे उभं करून एकमेकांशी जे बोलायची त्यातलं निम्मं तरी खोटं असतं, अशी माझी त्या वयातच खात्री झाली होती. मराठी लिहायला मी फार उशिरा शिकले. आजीचं बोलणं ज्या अक्षरांत मावतं ती अक्षरं आपल्याला येत नाहीत, ह्याची लाज वाटायला लागली तेव्हा.

आजी म्हणजे बाबांची आई. नागपूरच्या पुढच्या एका खेड्यात तिचं सारं आयुष्य गेलं. मुलगा इतकी वर्षं बोलावत होता तेव्हा आली नाही, आणि आली ती नेमकी हाडं गोठवणाऱ्या थंडीत. "बर्फ खरंच पडते का टीव्हीतच पडते, एकदा पाहून येतो," असं म्हणून आली. तिच्या बॅगेत ज्वारीचं पीठ, लाल मिरच्या, मुंगवड्या आणि लाखोळीची डाळ होती. विमानतळावर त्या डाळीवरून तिला थांबवलं, तर तिने त्या अधिकाऱ्याला "जय भीम" केला आणि तो गोंधळून हसला, असं बाबा कौतुकाने सांगायचे. ती आल्यावर आमचे रविवार बदलले. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, खसखस, धणे, मिरच्या, आणि मग लालभडक तेलाचा तवंग आलेला कोंबडीचा रस्सा. तिकडे रविवारी आवाज करायचा नसतो, म्हणून आई मिक्सर जाड रजईत गुंडाळून, त्यावर स्वतः ओणवी होऊन मसाला वाटायची. आजी ते बघून पदराने डोळे पुसत हसायची. "सूनबाई, मसाला वाटून राह्यली का चोराले दाबून राह्यली व?"

फ्राउ क्रेमरच्या कोंबड्या घराच्या मागे, सफरचंदाच्या झाडाखाली एका लाकडी खुराड्यात होत्या. बेर्टा, लोटे आणि उशी. तिघी तपकिरी, तिघी म्हाताऱ्या. उशी हे कोंबडीचं नाव आहे हे कळल्यावर आजी दोन दिवस त्याच आनंदात होती. अंडी देणं त्यांनी केव्हाच थांबवलं होतं. फ्राउ क्रेमरच्या नवऱ्याने त्या पिल्लं असताना आणल्या, तो गेला आणि ह्या मागे राहिल्या. अंडी न देणाऱ्या कोंबड्या कोणी वर्षानुवर्षं पोसतं, हे आईला काही केल्या पटेना. ह्यात काहीतरी असणार, असं ती म्हणायची. कर वाचत असेल, नाहीतर शेजाऱ्याला चिडवायला ठेवल्या असतील. शेजारी म्हणजे झायडल, रेल्वेतून निवृत्त झालेला उंच माणूस. कोंबड्यांवरून त्याचं आणि फ्राउ क्रेमरचं कधीकाळी वाजलं होतं आणि कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून ती दोघं एकमेकांकडे न बघता बर्फ ओढायची.

त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी नाकातले केस कडक व्हायचे. झाडांच्या फांद्या आपोआप कडाकड वाजायच्या. अशाच एका सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेताना फ्राउ क्रेमर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेची माणसं त्यांना उचलत होती तेव्हा त्यांनी मला हाक मारली. वेदनेने चेहरा पांढराफटक पडला होता, पण बोलणं नेहमीसारखं. किल्ली कुठे, दाणे कुठे, पाणी किती वेळा बदलायचं. झायडलला फाटकाच्या आत येऊ द्यायचं नाही. आणि शेवटी माझ्यामागे उभ्या असलेल्या आई आणि आजीकडे बघत म्हणाल्या, "तीन आहेत. मी परत येईन तेव्हा तीनच असायला हव्यात."

रुग्णवाहिका गेल्यावर आजीने विचारलं, "काय म्हनली?" मी तेव्हा नको तितकी प्रामाणिक दुभाषी होते, शब्दाला शब्द सांगितला. वर येऊन आजीने फ्रीजरमधलं कोंबडीचं पाकीट काढलं आणि आईच्या हातात दिलं. "हे कोनाले तरी देऊन टाक. त्या तिघी आपल्या भरवशावर हायेत तोवर ह्या घरातून कोंबडीचा वास बाहेर गेला नाही पायजे. मटनाचाही नको." बाबा म्हणाले, "अगं आई, कोण बसलंय इथे वास घ्यायला? ती तर दवाखान्यात आहे." आजी म्हणाली, "तो लंब्या हाये ना कुंपनापाशी. कोंबड्या राखनं काही मोठं नाही रे. आपलं नाव राखनं हाये." आणि तो सबंध हिवाळा आम्ही मुंगवड्या, झुणका आणि आंबट वरण खाल्लं. बाबा रविवारी ताटाकडे असे बघायचे की मला त्यांची कीव यायची.

कोंबड्या आजीच्या झाल्या. तिने खुराड्याभोवती एक फेरी मारली, फटींतून बोट घालून पाहिलं आणि मान हलवली. "असल्या गारठ्यात हे काय खुराडं हाये? इकडून वारं, तिकडून वारं." आमचे जुने स्वेटर, मोजे, बाबांच्या नव्या टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, सगळं त्या फटींमध्ये गेलं. छपराखालची लांब फट होती ती तिने गोधडी ठोकून बंद केली. वाऱ्याची झुळूक आत जाईल तर शपथ. संध्याकाळी ज्वारीची भाकरी गरम पाण्यात कुस्करून द्यायची. तिघी इतक्या अधाशीपणे खायच्या की आजीला वाटलं, ह्यांना आजवर कोणी गरम जेवायला घातलेलंच नाही. पाणी मात्र सारखं गोठायचं. शाळेतून आले की आधी भांड्यातला बर्फाचा गोळा आपटून काढायचा, हे माझं काम.

आणि रोज संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, फ्राउ क्रेमरचा फोन. आधी दवाखान्यातून, मग रेहामधून, म्हणजे हाड जुळल्यावर चालायला शिकवतात त्या केंद्रातून. त्यांना कोंबड्या ऐकायच्या असायच्या. मी फोन घेऊन खुराड्यात ओणवी व्हायचे आणि त्या हुकूम सोडायच्या, "आल्झो, आधी बेर्टा." बेर्टा कुरकुरायची. "गेनाऊ, बरोबर. आता उशी." उशी तोडून तोडून टुक् टुक् करायची. लोटेचा आवाज घोगरा होता, खाकरल्यासारखा, आणि ती लवकर बोलायची नाही. तिला डिवचावं लागायचं. फोनच्या पलीकडे फ्राउ क्रेमर श्वास रोखून थांबायच्या. तिसरा आवाज आला की "गुट" म्हणून फोन बंद. आमची चौकशी नाही, आभार नाहीत. आई म्हणायची, "हजेरी घेते बघा. आपण खाल्ली का ते तपासते रोज." मलाही तसंच वाटायचं. आज ह्या वयात मला वेगळं दिसतं. रेहामधल्या त्या पांढऱ्या खोलीत तिला दुसरा कोणता आवाज ऐकायला होता? पण तेव्हा मी फोनवरच्या तिच्या प्रत्येक श्वासात आरोप शोधत होते.

मग तुऱ्यांची टोकं काळी पडायला लागली. आधी उशीच्या, मग बेर्टाच्या. सकाळी दार उघडलं की आतून दमट, उग्र वाफ यायची आणि आतल्या फळ्यांवर चक्क बर्फाचा पांढरा थर. आजीने व्हॅसलीन चोळलं, भाकरीत हळद घातली. तुरे काळेच. मला खात्री होती की झायडलने काहीतरी केलंय. माझ्या खिडकीतून मी त्याला कुंपणावरून मूठभर काहीतरी आत टाकताना पाहिलं होतं. मी ते घरात सांगितलं, आणि बाबांनी ते दाणे बर्फातून वेचून, कागदावर पसरून, ऑफिसातलं भिंग लावून तपासले. मका होता. साधा मका. "विष लावलेलं दिसत नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले, आणि तरीही तो मका आम्ही फेकून दिला.

एका दुपारी झायडलने कुंपणापलीकडून मला हाक मारली. खुराड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मुली, वरची फट उघडा. कोंबड्यांना थंडी मारत नाही, त्यांचाच ओला श्वास मारतो. त्यांना ल्युफ्टन पाहिजे." झालं! ल्युफ्टन शब्द ऐकला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "बघ, फट उघडायची म्हणजे रात्री मार्डर आत यायला वाट." मार्डर म्हणजे मुंगसासारखं एक जनावर, कोंबड्यांची मान फोडतं. "एकदा का ते आत शिरलं की हा मोकळा आणि आपण अडकलो." सगळ्यांना पटलं. फक्त आजीला नाही. दुसऱ्या दिवशी ती खुराड्याच्या आत डोकं घालून बराच वेळ तशीच वाकून राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा चष्मा वाफेने आंधळा झाला होता. "लंब्या खरं बोलून राह्यला," ती म्हणाली. "आत कपडे वाळत घातल्यावानी ओल हाये." गोधडी निघाली, खालच्या फटी तशाच बुजवलेल्या ठेवल्या, आणि वरच्या फटीवर बाबांनी मार्डरसाठी जाळी मारली. चार-सहा दिवसांत आतला बर्फ गेला, पेंढा कोरडा झाला, तुऱ्यांचा काळेपणा पुढे सरकायचा थांबला. आईला मात्र ते शेवटपर्यंत आवडलं नाही. त्या महिन्यात मी एकदा तिला गुपचूप, कोणी बघत नाही असं पाहून, झोपायच्या खोलीची खिडकी उघडताना पाहिलं.

लोटे गेली ती नंतर, थंडी थोडी नरम पडलेली असताना. सकाळी आजी गरम पाणी घेऊन गेली आणि लवकर परत आली नाही, म्हणून मी मागे गेले. लोटे दांडीखाली पेंढ्यात बसल्या जागी गेली होती, मान पंखात घातलेली. कुठे रक्त नाही, पीस विस्कटलेलं नाही. बेर्टा आणि उशी दांडीवर एकमेकींना चिकटून खाली बघत होत्या. आजी तिच्याजवळ उकिडवी बसली होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "म्हातारी होती ना माय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून जे म्हणाली तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "आता कोन इस्वास ठेवते?"

आईने सुचवलं, "अहो आई, बाजारात अशीच तपकिरी मिळेल. आणून ठेवली तर? तिला काय कळणार आहे लांबून?" आजीने तिच्याकडे फक्त पाहिलं. त्या संध्याकाळी फोन आला. बेर्टा झाली, उशी झाली. मी फोन कानाला लावला आणि सांगितलं की लोटे मेली, सकाळी, झोपेत. मग फ्राउ क्रेमरनी एकच प्रश्न विचारला, "कुठे आहे ती?" मी म्हटलं, आमच्याकडे. "हं," असा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्या प्रश्नाचा आम्ही जेवणाच्या टेबलावर कीस काढला. बाबा म्हणाले, पुरायची असेल म्हणून विचारलं. आई म्हणाली, पुरायचं असतं तर पुरा म्हणाली असती. कुठे आहे म्हणजे पातेल्यात आहे का, असं विचारते ती. कशी मेली हे विचारलं नाही, हे लक्षात घ्या. मी आईच्या बाजूची होते. आजी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. मग तिने तुकडा खाली ठेवला आणि सांगायला लागली. ती माझ्याहूनही लहान असताना गावातल्या एका मोठ्या घरची कोंबडी नाहीशी झाली होती. माणसं सरळ ह्यांच्या वस्तीत आली आणि एकेका घरात शिरून चुली हुंगत फिरली. आजीच्या आईने चुलीवर नुसती डाळ ठेवली होती. ती हात जोडून म्हणत होती, झाकण उघडून पाहा. कोणी उघडलं नाही. मडकं लाथेने उलटलं. "दोन दिवसांनं नाल्यात पिसं सापडली. रानमांजरानं नेली होती. माही माय ते पिसं पदरात घेऊन त्यांच्या दारी गेली. म्हने, पाहा तरी. कोनी बाहेर निघालं नाही. तशीच वापस आली पिसं घेऊन." थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे कोंबडी मी पुरत नाही. ते बाई येईल, आपल्या डोळ्यानं पाहील. मंग पुरू. पिसांसकट ठेवतो."

बाबा उठून तिच्याजवळ जाऊन बसले. हे सगळं त्यांनाही नवीन होतं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मग ते म्हणाले, "आमच्या कारखान्यातही तेच करतात, आई. वाद असलेला भाग फेकत नाहीत. लाल चिठ्ठी लावून कुलपात ठेवतात, गिऱ्हाईक येऊन बघेपर्यंत." आजी म्हणाली, "मंग लाव चिठ्ठी."

लोटेला आजीने आपल्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून उत्तरेच्या बाल्कनीत ठेवलं. इतके दिवस जिच्याशी आम्ही झगडत होतो ती थंडी आता आमच्या कामाची झाली. आजी सकाळी उठून आधी तापमान विचारायची. उणे सांगितलं की तिला बरं वाटायचं. फोन मात्र यायचे थांबले. मी दोनदा केला, उचलला नाही. झायडल रेहामध्ये जाऊन आल्याचं कळलं; त्याने स्वतः मला सांगितलं, तिला पाव नेऊन दिला म्हणून. जे दोघं एकमेकांकडे बघत नव्हते त्यांचं एकदम इतकं सूत कसं जमलं, ह्यावर आईने आणि मी पुष्कळ विचार केला. निष्कर्ष अर्थातच वाईट निघाला. झायडलने आजीला पांढरं गाठोडं घेऊन घरात जाताना पाहिलं होतं. तो काय सांगणार, हे उघड होतं.

आणि मग पागोळ्या गळायला लागल्या. छपरावरून दिवसभर पाणी, अंगणात चिखल. आजीची परत जायची तारीख जवळ आली, आणि फ्राउ क्रेमरचा पत्ता नव्हता. व्हिसा संपत होता, तिकीट पुढे ढकलता येत नव्हतं. आजीने बॅग भरायला घेतली आणि मधेच थांबून बाल्कनीत गेली. परत येऊन आईसमोर उभी राहिली. "सूनबाई, तुह्या फ्रीजरात जागा हाये का?" आई एकदम उसळली. "माझ्या फ्रीजरमध्ये? मेलेली कोंबडी, पिसांसकट? अहो आई, त्यात आपलं खायचं असतं." आजी पुन्हा बाल्कनीत जाऊन डब्याजवळ बसली, पातळ स्वेटरवर, ओल्या वाऱ्यात. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली. मग आवाज थांबला. मी डोकावून पाहिलं तर आई फ्रीजरचा खालचा कप्पा रिकामा करत होती. किसलेलं खोबरं, कढीपत्ता, पुण्याहून तिच्या बहिणीने पाठवलेल्या आणि तिने जीव लावून पुरवून ठेवलेल्या पुरणपोळ्या, सगळं टेबलावर. तो कप्पा तिने सोड्याने पुसला, कोरडा केला आणि बाल्कनीचं दार उघडून म्हणाली, "आणा तिला आत. आणि तुम्हीही या. आजारी पडायचंय का?" त्या पुरणपोळ्या आम्ही त्या संध्याकाळी संपवल्या. आई त्यातली एकही धड खाऊ शकली नाही.

आजीच्या विमानाला अगदी थोडे दिवस उरले असताना टॅक्सी फाटकाशी थांबली. फ्राउ क्रेमर कुबड्यांवर उतरल्या. बारीक झाल्या होत्या, केस कोणीतरी वेडेवाकडे कापले होते. घरात न जाता त्या चिखलातून तशाच मागे गेल्या, खुराड्याकडे. आम्ही वरून पाहिलं. आजीने फ्रीजर उघडला आणि ते गाठोडं छातीशी धरून, चपला न घालता, जिना उतरली. आई तिच्यामागे चपला घेऊन, मी आईच्या मागे.

सफरचंदाच्या झाडाखाली एक बाक होता. आजीने गाठोडं त्यावर ठेवलं, गाठ सोडली आणि मागे सरकून हात जोडून उभी राहिली. "तिले सांग," ती मला म्हणाली, "पाहा म्हना. बराबर पाहा." मी सांगितलं. फ्राउ क्रेमर त्या गोठलेल्या, तपकिरी, पाय दुमडलेल्या लोटेकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी एक कुबडी बाकाला टेकवली, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि त्यांची बोटं पहिल्यांदा गेली ती लोटेच्या मानेवर. पिसं बाजूला सारून त्यांनी मान बघितली, दोन्ही बाजूंनी. मग छाती, मग पोट. कुठे सुरी लागली आहे का, मान मुरगळली आहे का. आईने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. मला संताप आला. इतके महिने आम्ही जे बोलत होतो ते सगळं खरं होतं. मी आजीकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. श्वास रोखून त्या बोटांकडे बघत होती, कुठला कोपरा बघायचा राहून तर जात नाही ना, अशी.

"म्हातारी होती," फ्राउ क्रेमर शेवटी म्हणाल्या. "फक्त म्हातारी होती." मी भाषांतर केलं. आजीने मान हलवली. मग फ्राउ क्रेमरनी मला विचारलं की आजीने लोटेला का पुरलं नाही, इतके दिवस असं का ठेवलं. मी आजीला विचारलंच नाही. मीच सांगितलं, जर्मनमध्ये, जे काही घाईत शब्द सापडले त्यांत: चुली हुंगणारी माणसं, डाळीचं मडकं, पदरातली पिसं आणि बंद राहिलेलं दार. माझा आवाज चिरका झाला होता. बोलता बोलता मला रडू आलं आणि मी तशीच बोलत राहिले.

फ्राउ क्रेमर बाकावर बसल्या. त्यांचा उघडा हात लोटेच्या पाठीवर तसाच होता. मग म्हणाल्या, "झायडलने मला सांगितलं होतं, ती म्हातारी तुझ्यापेक्षा चांगली काळजी घेते म्हणून. मी त्याचं ऐकलं नाही. मला वाटलं, तुम्ही तिला खाल्लंत. तिकडे पडल्या पडल्या मी रोज तोच विचार केला." आणि शेवटी म्हणाल्या, "माझं चुकलं."

मी आजीला सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. खाल्लंत असं वाटलं तेही, चुकलं तेही. आजीने ऐकलं. आईने पुढे होऊन तिच्या पायांपाशी चपला ठेवल्या, त्या तिने पाहिल्याही नाहीत.

"ते शेवटचं," आजी मला म्हणाली, "पुन्हा एकदा म्हनायले सांग तिले."

मी विचारलं. फ्राउ क्रेमर कुबडी धरून उभ्या राहिल्या आणि ह्या वेळी माझ्याकडे न बघता, आजीकडे बघून, हळूहळू, एकेक शब्द वेगळा करत पुन्हा म्हणाल्या. आजीला जर्मनचं अक्षर कळत नव्हतं. तिने मला अर्थ विचारला नाही.